अ‍ॅल्युमिनियमच्या मासेमारी बोटीचं किट निवडताना आधी वजनाचा तक्ता मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याला स्टीलचं मिग वेल्डिंग चांगलं येतं. स्वतःसाठी वेल्डेड अ‍ॅल्युमिनियमची मासेमारी बोट बांधायची आहे. तीन-चार माणसं, बहुतेक वेळ खाडीत, हवा बरी असेल तेव्हा किनाऱ्यापासून थोडं बाहेर. पाहण्यात तीन किट आली आहेत आणि तिन्हींच्या प्लेट कॉम्प्युटरवर कापून येतात. पहिलं ५.५ मीटरचं, ट्रान्समपाशी (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपाशी, जिथे इंजिन लागतं) तळाला २१ अंशांचा खोल व्ही आणि तळ ४ मिमीचा. दुसरं ६ मीटरचं, १६ अंशांचं, तळ ५ मिमीचा आणि डेकवरचं पाणी आपोआप बाहेर जाईल अशी रचना. तिसरं ६.७ मीटरचं, केबिनसकट, तळ ६ मिमीचा. यातलं कोणतं घ्यावं?

मी कुठे झुकतो ते शेवटी सांगतोच, पण त्याआधी तिन्ही डिझाइनरांना एकच गोष्ट मागा: वजनाचा तक्ता. रिकाम्या हलचं (इंजिन-सामानाशिवायच्या बोटीच्या अंगाचं) वजन, इंजिन, इंधन, माणसं, बर्फ आणि मासे धरून एकूण भार, त्या भाराचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून किती पुढे आणि तळापासून किती वर, आणि त्या भाराला पाण्याची रेषा कुठे येते. ज्याने बोट खरोखर डिझाइन केली आहे त्याच्याकडे हे कागद तयार असतात, कारण त्यांच्याशिवाय त्याला डेकची उंचीही ठरवता आली नसती. ज्याने दुसऱ्याची बोट पाहून संगणकावर आकार काढला आणि कापायला दिला, तो तुम्हाला रंगीत चित्रं पाठवेल. किटमध्ये हा फरक फार महत्त्वाचा आहे. नकाशावरून बांधताना चुकीची फ्रेम (सांगाड्याची आडवी फासळी) दिसली तर ती बदलून कापता येते. किटमध्ये प्लेट आधीच कापलेली असते, खाचा पडलेल्या असतात, आणि एका भागात केलेला बदल पुढच्या दहा भागांत निस्तरावा लागतो.

हा हिशेब तुम्ही स्वतः ढोबळपणे करून पाहू शकता, आणि करावाच. बोटीच्या प्लेटच्या ५०८३ या मिश्रधातूची घनता २.६६ आहे, म्हणजे १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पत्रा २.६६ किलोचा. ५ मिमीची प्लेट झाली १३.३ किलो. ६ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद बोटीच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण ११ चौरस मीटर भरतं, ते १४६ किलो. दोन्ही बाजू मिळून ९ चौरस मीटर, ४ मिमीच्या, म्हणजे ९६ किलो. डेक आणि ट्रान्समची ७०-८० किलो, फ्रेम, स्ट्रिंगर (लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आधारपट्ट्या), काठ आणि किरकोळ कंस यांची शंभर-सव्वाशे किलो. हल ४२० ते ४५० किलोंच्या आसपास जातं. त्यावर १६० ते १९० किलोंचं फोर-स्ट्रोक इंजिन, १०० लिटर पेट्रोलचे ७५ किलो, चार माणसांचे ३०० ते ३२०, बॅटरी, नांगर आणि साखळी, बर्फ, मासे. बोट सहज १,२०० किलोंवर पोहोचते. आता किटवाल्याने रिकाम्या हलचं वजन ३०० किलो लिहिलं असेल तर त्याला विचारा की डेक कुठे धरला आहे. अनेक जाहिरातींत ‘हलचं वजन’ म्हणजे फक्त बाहेरच्या प्लेटचं वजन असतं.

इंजिनाच्या वजनापाशी जरा थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त बोटी बिघडतात. बाजारात फिरणारी बरीच डिझाइनं टू-स्ट्रोक इंजिनांच्या काळात आखलेली आहेत. तेवढ्याच अश्वशक्तीचं आजचं फोर-स्ट्रोक इंजिन जड असतं. समजा फरक ६० किलोंचा आहे आणि इंजिन गुरुत्वमध्याच्या २.२ मीटर मागे लटकलेलं आहे. १,२०० किलोंच्या बोटीत गुरुत्वमध्य त्यामुळे ११ सेंटिमीटर मागे सरकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाण्यावर त्याचा अर्थ असा होतो की बोट वेग घेताना नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे करते, सपाट धावायला उशीर लावते, आणि उभी असताना मागचे दोन कोपरे बुडतात. म्हणून विचारा: डिझाइनमध्ये किती किलोंचं इंजिन धरलंय? किती अश्वशक्तीचं, हा प्रश्न त्यानंतर. आणि ट्रान्समची उंची कोणत्या शाफ्टची (इंजिनाच्या खाली उतरणाऱ्या पायाच्या लांबीची) आहे हेही त्याच वेळी विचारा. २० इंची शाफ्टला ५०८ मिमी आणि २५ इंचीला ६३५ मिमी हे ठरलेलं माप आहे. ते चुकलं तर प्रोपेलर एक तर हवा ओढतो, नाही तर गिअरकेस (इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग) जास्त खोल बुडून पाण्याचा अडथळा वाढवते.

डेकवरचं पाणी आपोआप बाहेर जाणं हीसुद्धा वजनाचीच गोष्ट आहे. ६ मीटरची अशी बोट साधारण दर ८०-९० किलोंना एक सेंटिमीटर खाली बसते. पण हा आकडा भार मधोमध असेल तेव्हाचा. मासे वर ओढताना तीन माणसं मागच्या एका कोपऱ्यात उभी असतात, आणि तो कोपरा कित्येक सेंटिमीटर खाली जातो. त्या क्षणी डेक पाण्याच्या रेषेच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर पाणी जाण्याच्या भोकांतून उलटं आत येतं. डिझाइनरला सरळ सांगा: पूर्ण भार, शिवाय तीन माणसं ट्रान्समच्या एका कोपऱ्यात, अशा स्थितीत डेक पाण्यापेक्षा किती वर आहे ते दाखवा. उत्तर आकड्यात आलं पाहिजे. डेक उंच केला की हा प्रश्न सुटतो, पण मग माणसं उंचावर उभी राहतात, काठ गुडघ्याला लागतो आणि बोट डोलते. दोन्ही साधणं हेच डिझाइनरचं काम आहे, त्याचेच आपण पैसे देतो.

आता तळाचा आकार. डेडराइझ म्हणजे ट्रान्समपाशी तळ आडव्यापासून किती अंशांनी वर चढतो ते माप. २१ अंश ऐकलं की लोकांना वाटतं लाटांवर बोट मऊ चालेल. चालते, पण पुरेशा वजनाची आणि पुरेशा वेगाची असेल तर. अ‍ॅल्युमिनियमची ५.५ मीटरची बोट हलकी असते. शिवाय खोल व्हीला तेवढ्याच वेगासाठी जास्त ताकद लागते आणि उभ्या बोटीत ती जास्त डोलते. मासेमारीत तुमचा किती वेळ धावण्यात जातो आणि किती वेळ थांबून, एका बाजूला उभं राहून जातो याचा प्रामाणिक विचार करा. खाडीसाठी १२ ते १५ अंश पुष्कळ झाले. खाडी अधिक थोडं बाहेर असेल तर १५ ते १८. खुल्या समुद्रात रोज लांब जाणाऱ्यांनी वीसच्या वरचं पाहावं. आणि ट्रान्समच्या अंशांपेक्षा मी नाळेकडचा भाग जास्त निरखून पाहतो. लाट तिथे कापली जाते. पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात तळ धारदार असेल आणि तो मागे जाताना हळूहळू सपाट होत असेल, तर १६ अंशांची बोटही समोरच्या लाटेत माणसाला हादरवत नाही. चाइन, म्हणजे तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड, तिथे खाली वळलेली रुंद पट्टी असेल तर ती उडणारं पाणी खाली दाबते आणि थांबलेल्या बोटीला टेकू देते. नाळेपाशी ती पट्टी उंच आणि अरुंद असावी. तिथेही ती रुंद आणि सपाट ठेवली असेल तर प्रत्येक लाटेवर आपटण्याचा आवाज ऐकावा लागतो, आणि अ‍ॅल्युमिनियम तो आवाज मोठा करूनच ऐकवतं.

केबिनचं गणित वेगळं. ३ मिमीच्या प्लेटची साधी केबिन, काचा धरून, १०० किलोंच्या घरात जाते. ती बोटीच्या गुरुत्वमध्याच्या सव्वा-दीड मीटर वर बसते, म्हणजे एकूण गुरुत्वमध्य सुमारे १० सेंटिमीटर वर उचलला जातो. शिवाय वाऱ्याला भिंत मिळते. ६.७ मीटरच्या, त्यासाठीच आखलेल्या रुंद बोटीत हे सामावतं. पण ‘उघडी बोट घ्या, केबिन नंतर जोडता येईल’ असं कोणी सांगितलं तर स्थिरतेचा हिशेब दोन्ही रूपांत केलेला आहे का ते पाहा. ६ मीटरपेक्षा कमी लांबीच्या हलसाठी आयएसओ १२२१७ मानकाचा तिसरा भाग लागू होतो आणि त्याहून लांब, शिडाशिवायच्या बोटींसाठी पहिला. डिझाइनरने यातला कोणता भाग वापरला, एवढा प्रश्न विचारला तरी समोरचा किती पाण्यात आहे ते कळतं. युरोपीय वर्गीकरणातला सी वर्ग म्हणजे बोफोर्ट ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतची लक्षणीय लाट (सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी उंची), डी वर्ग म्हणजे बोफोर्ट ४ आणि ०.३ मीटर. तुमच्या वापराला सी वर्ग लागेल. तुम्ही युरोपात नसलात तरी ही मोजपट्टी उपयोगी पडते.

जाडीबद्दल बहुतेकांचा समज असतो की जाड ते चांगलं. प्लेटची वाकण्याविरुद्धची ताठरता जाडीच्या घनाने वाढते. ४ वरून ५ मिमीवर गेलात की वजन २५ टक्के वाढतं, ताठरता मात्र जवळपास दुप्पट होते. हा सौदा फायद्याचा आहे, आणि नवख्या वेल्डरसाठी दुहेरी फायद्याचा, कारण ५ मिमीची प्लेट उष्णतेने कमी लाटांसारखी होते आणि हात थोडा रेंगाळला तरी भोक पडत नाही. ३ मिमीच्या बाजू असलेली किट मी पहिल्यांदा बांधणाऱ्याला सुचवत नाही. पण हाच घनाचा नियम उलटही फिरतो. नाळेकडे तळाची प्लेट एकाच वेळी वळवून आणि पिळून बसवावी लागते. ५ मिमीची प्लेट दोन माणसं, पट्टे आणि चेन-पुली यांनी ओढून आणता येते. ६ मिमीला पावणेदोन पट जोर लागतो, आणि तेवढा जोर लावला की टाके (तात्पुरते छोटे वेल्ड) तुटायला लागतात. ६ मिमीच्या तळाचं किट घेणार असाल तर नाळेची प्लेट रोल करून देतात का, हे विचारा. आणि जाडी एकटी पाहू नका. तळाच्या स्ट्रिंगरमधलं अंतर २५०-३०० मिमी असेल तर ५ मिमी या आकाराच्या बोटीला उत्तम. अंतर ४५० असेल तर तीच ५ मिमी प्लेट काही हंगामांत उपाशी घोड्याच्या फासळ्या दिसाव्यात तशी आत दबलेली दिसू लागते. या हिशेबासाठी आयएसओ १२२१५-५ आहे. त्यानुसार जाडी आणि अंतर ठरवलं आहे का, ते लेखी घ्या.

धातूचं थोडक्यात सांगतो. पाण्याखालची प्लेट ५०८३ किंवा ५०८६, टेम्पर (धातू किती कडक केला आहे ते) एच११६ किंवा एच३२१, आणि सोबत गिरणीचं प्रमाणपत्र. त्यावरचा हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) प्लेटवरच्या छापाशी जुळला पाहिजे. ५०५२ ताकदीला कमी, पण वाकवायला सोपी, म्हणून दुमडलेल्या आतल्या भागांना चालते. ६०६१-टी६ काठाच्या पट्ट्यांना आणि नळ्यांना ठीक आहे, पण वेल्डशेजारी तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते, त्यामुळे तळाच्या प्लेटसाठी ती नको. ५०८३ चंही वेल्डशेजारचं नमन बल (ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो तो) सुमारे २१५ वरून १२५ मेगापास्कलवर येतं. चांगला डिझाइनर हा दुसरा आकडा धरून हिशेब करतो. वेल्डिंगची वायर ५३५६ किंवा ५१८३. ४०४३ वायर सोपी वाहते म्हणून कोणी सुचवेल, पण मॅग्नेशियम जास्त असलेल्या या प्लेटवर तिचा सांधा ठिसूळ होतो. ती बोटीच्या शेडमध्येच आणू नका.

आता मला ज्या गोष्टीत सगळ्यात जास्त रस आहे तिकडे येतो: सुटे भाग पाहून डिझाइनर ओळखणं. पैसे देण्याआधी नेस्टिंगचा नकाशा मागा, म्हणजे कोणत्या प्लेटवर कोणते भाग कसे बसवून कापले आहेत तो. पूर्ण फाइल कोणी देणार नाही, पण पीडीएफ द्यायला हरकत नसावी. त्यात फ्रेमचे कोपरे पाहा. जिथे फ्रेम चाइनच्या किंवा कीलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) वेल्डवरून जाते तिथे कोपरा गोल कापून मोकळा ठेवलेला हवा. त्या मोकळ्या जागेतून वेल्ड अखंड जातो, फ्रेमच्या टोकाला वळसा घालून संपवता येतो, आणि बोटीत आलेलं पाणी मागच्या खड्ड्यापर्यंत वाहतं. ज्याने स्वतः किंवा शेजारी उभं राहून बोट बांधली आहे तो हे कोपरे विसरत नाही. टोकदार कोपऱ्यांच्या फ्रेम दिसल्या तर तो माणूस शेडमध्ये फारसा गेलेला नाही.

मग खाचा पाहा. भाग एकमेकांत अडकावेत म्हणून जीभ आणि खाच अशी रचना असते. फ्रेम आणि स्ट्रिंगर यांच्यात ती फार सोयीची, सांगाडा जवळपास स्वतःच चौकोनात उभा राहतो. पण काही किटमध्ये फ्रेमच्या जिभा तळाच्या बाहेरच्या प्लेटमधून आरपार जातात. जुळवणी झटपट होते, पण पाण्याखाली पाडलेलं प्रत्येक भोक तुम्हाला वेल्ड करून बुजवायचं आहे आणि नंतर घासून सपाट करायचं आहे. त्याऐवजी तळाच्या आतल्या बाजूला फ्रेमच्या जागा कोरलेल्या खुणांनी दाखवल्या असतील तर ते किट जास्त विचारपूर्वक केलेलं आहे. (स्वतः खुणा करताना शिसपेन्सिल नको. ग्रॅफाइटची रेघ राहिली की खाऱ्या पाण्यात तिच्याखाली अ‍ॅल्युमिनियम गंजतं. मार्कर वापरा.)

आडव्या फ्रेम बाहेरच्या प्लेटला सगळीकडे घट्ट वेल्ड करायला सांगितलं आहे का, हेही पाहा. लहान बोटींत चांगली पद्धत अशी की लांबीच्या दिशेने जाणारे स्ट्रिंगर प्लेटला जोडायचे आणि आडवी फ्रेम स्ट्रिंगरवर बसवून प्लेटपासून थोडी सुटी ठेवायची. बाहेरून आडव्या खुणा उमटत नाहीत आणि लाटेचा मार एका रेषेवर एकवटत नाही.

चाइनचा सांधा कसा आहे त्यावर तुमचा निकाल बराचसा अवलंबून आहे. तळ आणि बाजू कडेला कड लावून जोडायच्या असतील तर फट सगळीकडे सारखी यावी लागते, आणि आतून वेल्ड झाल्यावर बाहेरून खोबण काढून, चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करून पुन्हा भरावं लागतं. अनुभवी हातांना हे आवडतं. तळाची प्लेट बाजूच्या खाली काही मिलिमीटर पुढे आलेली असेल तर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे सरळ फिलेट वेल्ड (दोन प्लेटच्या कोपऱ्यात भरायचा) मिळतो, फटीचा फरक पोटात जातो. पहिल्या बोटीसाठी मी दुसरा प्रकार निवडेन.

प्लेटची लांबी हा एक दुर्लक्षित मुद्दा. ६ मीटरची प्लेट जवळपास सगळीकडे मिळते, त्यामुळे ६ मीटरच्या बोटीचा तळ बहुधा अखंड निघतो. ६.७ मीटरच्या बोटीत तळाला आडवा सांधा येणारच. तो नाळेच्या मार खाणाऱ्या भागात नसावा आणि प्लेट सपाट असतानाच, वळवण्याआधी, दोन्ही बाजूंनी वेल्ड करता यावा. हा सांधा वळणात आला तर तिथे कोन पडतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. बाकी कापण्याच्या पद्धतीचं म्हणाल तर राउटर आणि पाण्याच्या झोताने कापलेली कड उत्तम असते. पाण्याच्या झोताचे वाळूचे कण तेवढे झटकून पुसावे लागतात. प्लाझ्माने कापलेली कड वेल्ड करण्याआधी घासून काढावी लागते, आणि सगळ्या किटच्या कडा घासण्यात जाणारा वेळ हिशेबात धरावा लागतो. फक्त फाइल घेऊन स्वतः कापून घेणार असाल तर जाडी तपासा. इंची मापाच्या ६.३५ मिमी प्लेटसाठी कापलेल्या खाचेत ६ मिमी प्लेट ढिली बसते, आणि उलट असेल तर बसतच नाही. त्याच कारणाने ‘पाच टक्क्यांनी मोठी करून कापू’ हा मोह टाळा. खाचा मोठ्या होतात, प्लेट तेवढीच राहते, आणि वाहून नेण्याचं वजन तर लांबीच्या घनाने बदलतं.

तुमच्या वेल्डिंगबद्दल. स्टीलचा हात इथे उपयोगी पडतो, पण सवयी बदलाव्या लागतात. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्या वर. म्हणून आधी अ‍ॅसिटोनने तेल काढायचं, मग फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासायचं, हा क्रम उलटा नको, नाहीतर तेल धातूत घासलं जातं. टॉर्च ढकलत न्यायचा, ओढत नाही. वायू शुद्ध आर्गॉन. मऊ वायर अडकू नये म्हणून स्पूल गन किंवा पुश-पुल टॉर्च, आणि ४ ते ६ मिमीसाठी स्प्रे पद्धतीने (वायरचा धातू बारीक थेंबांत उडत जातो ती) चालेल इतकं, निदान २००-२५० अँपिअरचं मशीन. सुरुवातीला धातू थंड असतो, वेल्ड वर बसलेला दिसतो आणि आत धरलेला नसतो. शेवटी खड्डा भरला नाही तर तिथून तडा जातो. किटसोबत त्याच जाडीचे सरावाचे तुकडे मिळतात का ते विचारा. कापताना उरलेल्या प्लेटचे ते सहज निघतात. त्यांचे टी सांधे करा, शिकंज्यात धरून हातोड्याने मोडा आणि आतला भाग पाहा. मुळापर्यंत धरलेलं दिसेपर्यंत बोटीला हात लावू नका.

आणि वेल्डचा क्रम. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं. डावी चाइन सकाळी आणि उजवी संध्याकाळी असं सलग भरत गेलात तर बोट पिळली जाते, आणि पिळलेली बोट सरळ धावत नाही. चांगल्या किटसोबत क्रमाचा तक्ता येतो: कोणता सांधा आधी, किती लांबीचे टप्पे, एका बाजूला किती झालं की दुसऱ्या बाजूला जायचं, स्ट्रिंगरला सलग वेल्ड की तुटक, फिलेटची जाडी किती. हा तक्ता नसेल तर ते किट अर्धवट आहे. पहिल्यांदा बांधणाऱ्याला त्या कागदाची किंमत प्लेटइतकीच असते.

तरंगत राहण्याची सोय डिझाइनमध्ये कशी आहे ते पाहा. ४५० किलो अ‍ॅल्युमिनियम पाण्यात पूर्ण बुडालं तरी सुमारे २८० किलोंनी खाली ओढतं, वर इंजिन आणि बॅटरी. निदान अर्धा घनमीटर हवाबंद जागा किंवा फोम हवा, आणि तो बाजूंना उंचावर असेल तर पाणी भरलेली बोट उलटत नाही. फोम थेट तळाला चिकटवलेला नको. त्याच्यामागे ओल साचते आणि धातू न दिसता खाल्ला जातो. मला हवाबंद कप्पे आवडतात, पण प्रत्येकाला तपासणीचं झाकण हवं. कप्प्यांची गळती तपासताना कॉम्प्रेसर थेट जोडू नका. २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाबसुद्धा एका चौरस मीटर प्लेटवर २०० किलोंचा जोर टाकतो. तेवढा आणि साबणाचं पाणी पुरे. पेट्रोलची टाकी सुटी, बाहेर काढता येईल अशी असावी. डेक वेल्ड झाल्यावर टाकी कायमची अडकते अशी किट आहेत, ती नकोत. डेकखाली तांब्याचे क्षार भरून टिकाऊ केलेलं प्लायवूड सुचवलं असेल तर तेही नाकारा. तांबं, पितळ आणि तांब्याचा रंग यांचं अ‍ॅल्युमिनियमशी खाऱ्या पाण्यात वैर आहे.

मासे विकणार असाल तर किट घेण्याआधी, नंतर नव्हे, नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटा. व्यावसायिक बोटीला नकाशांची मंजुरी आणि प्लेटची प्रमाणपत्रं लागू शकतात, आणि डिझाइनर सहीचे नकाशे देणार नसेल तर तयार बोट धक्क्यालाच राहते.

तर तिन्हींपैकी: ५.५ मीटरची खोल व्ही तुमच्या वापराला बसत नाही. चार माणसं आणि थांबून मासेमारी, यासाठी ती अरुंद आणि डोलणारी ठरेल. ६.७ मीटरची चांगली असेल, पण ६ मिमीचा तळ, आडवा सांधा आणि केबिन हे तिन्ही पहिल्याच बोटीत घेऊ नका. माझा कल ६ मीटरच्या, १६ अंशांच्या, ५ मिमी तळाच्या किटकडे आहे, चार अटींवर. वजनाचा तक्ता तुमच्या इंजिनाचं वजन धरून मिळाला पाहिजे. मागच्या कोपऱ्यात तीन माणसं असताना डेक पाण्याच्या वर राहतो हे आकड्यात दिसलं पाहिजे. वेल्डचा क्रम लेखी मिळाला पाहिजे. आणि त्या किटची निदान एक बोट बांधून, तोलून, पाण्यात गेलेली असली पाहिजे, तिचं प्रत्यक्ष वजन तक्त्याशी किती जुळलं ते बांधणाऱ्याकडूनच ऐका. हे सगळं जमलं की बाहेरच्या प्लेटचे आकार एकास दहा मापात पुठ्ठ्यावर छापून घ्या, कापा आणि टेपने जोडा. पुठ्ठासुद्धा प्लेटसारखाच एका दिशेने वळतो आणि दोन दिशांना वळायला नकार देतो, त्यामुळे नाळेपाशी तो कुठे अडतो ते पाहिलंत की पट्टे आणि चेन-पुली कुठे लावायच्या ते आगाऊ कळून जातं. पुठ्ठा तिथे सुरकुतलाच तर पैसे पाठवू नका, तो तुकडा डिझाइनरला दाखवा.